एका बेसूर गाण्याची पायपेटी

मित्रांनो, मला जुनी म्हणा, माझी काही हरकत नाही. मोडकी मात्र म्हणू नका. मी पायपेटी आहे. पायांनी भाता हलवायचा आणि हातांनी पट्ट्या दाबायच्या, अशी उभ्या बांध्याची, भारदस्त बाई. हातपेटी कुणीही काखोटीला मारून नेतो. मला हलवायला चार माणसे लागतात आणि तीही कुरकुरत. मला त्याचा अभिमानच वाटतो.

माझा जन्म युद्ध संपले त्याच्या पुढच्या वर्षीचा. तेव्हा चांगले लाकूड दिसेनासे झाले होते. माझ्या कारागिराने होते नव्हते ते लाकूड माझ्या दर्शनी भागाला वापरले आणि पाठ केली सैन्याच्या खोक्यांच्या फळ्यांची. माझ्या पाठीवर अजून एक काळा आकडा आणि अर्धा पुसलेला बाण आहे. भाता केला कारागिराच्या बायकोने. ती चामडे कापायची, सरस शिजवायची आणि सरस शिजायला लागला की अख्खी गल्ली नाक दाबून चालायची. भाता भरला की ती शिवणीला गाल लावून बसे आणि वारा कुठून निसटतो ते ओळखे. तिच्या गालाची ऊब मला आजही आठवते.

त्या खोक्यांच्या फळ्यांमुळे मी लहानपणापासून स्वतःला युद्धावरून परतलेली समजत आले. खरे सांगायचे तर युद्धातले मी काहीही पाहिलेले नाही. पण न पाहिलेल्या गोष्टींवर ठाम मते असणारे कुणी ना कुणी तुमच्याही घरी असेलच. मी तसल्यांपैकी होते.

कारागिराने मला एका शाळेला विकले. शाळेच्या मोठ्या दालनात खिडकीजवळ माझी जागा होती. गायनाच्या बाई माझ्यासमोर बसल्या की स्टुलासकट मीही जरा दबून जायचे, पण त्यांचा हात मोठा हलका होता. मुले रांगेत उभी राहायची, मी सूर द्यायचे आणि चाळीस तोंडे एकदम उघडायची. त्यातली निम्मी तोंडे नुसतीच हलायची, हे बाईंना ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते, पण मी चहाडखोर नाही. एका वार्षिक समारंभाला प्रमुख पाहुणे मला थोपटून म्हणाले, "ही एक पेटी नाही, हा सबंध वाद्यवृंद आहे." ते वाक्य मी जपून ठेवले आहे. त्यानंतर ते गृहस्थ काय बोलले ते कुणाच्याच लक्षात नाही.

मग विजेवर चालणारा कीबोर्ड आला. एक बटण दाबले की बासरी, दुसरे दाबले की नगारा. श्वास म्हणून घेत नाही! सगळे त्याच्यावर लट्टू झाले आणि मला जिन्याखाली ढकलले. माझ्या डोक्यावर नकाशांच्या गुंडाळ्या आल्या, एक दबलेला पृथ्वीचा गोल आला आणि कुणीतरी एक कुंडी ठेवली. कुंडीचे पाणी माझ्या पट्ट्यांवर ठिबकायचे. उंदरांनी आतली बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, कुरतडून तिथे संसार थाटला. पिल्ले झाली, पिल्लांना पिल्ले झाली. मी कितीतरी वर्षे एक शब्द बोलले नाही.

मला तिथून बाहेर काढले ते मास्तराने. तो शाळेत संगीत शिकवायला आला होता. त्याला सगळेच मास्तर म्हणत, घरची माणसेसुद्धा. एका दुपारी त्याने माझ्यावरची कुंडी उचलली, उलट्या बादलीवर बैठक मारली आणि पायाने भाता दाबला. मी जी काही खोकले, ते ऐकून शिपाई धावत आला. मास्तर मात्र खूश झाला.

"ऐकलंत का? हिला श्वास आहे!" तो म्हणाला. "मला अशीच हवी होती. दम लागलेलीसुद्धा चालेल."

दम लागलेली! पण इतक्या वर्षांनी कुणी हात लावला होता, म्हणून मी गप्प बसले. पुढे दुरुस्ती करणारा आला. त्याने भात्याला नवे चामडे लावले, सूर देणाऱ्या पितळी पत्त्या एकेक काढून ब्रशने घासल्या आणि उंदरांना घर बदलायला लावले. आठवडाभरात माझा आवाज असा काही मोकळा झाला की कीबोर्डाकडे कुणी ढुंकून पाहीना. मीही नाही.

मास्तराला मी हवी होते ती त्याच्या थोरल्या बहिणीसाठी. तिला तो ताई म्हणायचा, म्हणून आपणही ताईच म्हणू. ताई गायिका होती. एकेकाळी तिच्या नावाने सभागृहे भरायची. मग तिच्या घशात गाठ झाली, शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी तिला बराच काळ मुके राहायला लावले. आवाज हळूहळू परत आला, पण तोपर्यंत बातमी पसरली होती. आवाज बसला तो बसलाच, असे लोक म्हणत. तोंडावर कुणी बोलायचे नाही, पण कार्यक्रमाला बोलावणेही बंद झाले. ताईला एकच गोष्ट हवी होती. पुन्हा एकदा लोकांसमोर उभे राहायचे आणि आवाज होता तसाच आहे, हे सगळ्यांना ऐकवायचे.

त्यासाठी भावाबहिणीने एक संगीतिका रचायला घेतली. संगीतिका म्हणजे ज्यात सगळे काही गाऊनच सांगतात, अगदी 'जरा दार लाव' हेसुद्धा. ही संगीतिका लहानशी होती. गाणारी एकटी ताई, साथीला मी आणि एक व्हायोलिन. मला वाजवायला मास्तर, व्हायोलिन वाजवायला त्याची एक मैत्रीण. जुन्या गोदामाचे एक छोटे सभागृह झाले होते, तिथे प्रयोग ठरला. आणि गोष्ट होती त्यांच्या आत्याच्या डायरीची.

ही आत्या म्हणजे त्यांच्या वडिलांची थोरली बहीण. युद्धात ती शाळकरी मुलगी होती. आई, धाकटा भाऊ आणि दोन-तीन शेजारी यांच्याबरोबर ती महिनोन्महिने एका तळघरात राहिली आणि तिथे तिने डायरी लिहिली. पुढे ती टेलिफोन ऑफिसात लागली. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, स्वतःचे मात्र कुणाला काही सांगितले नाही. आता ती चांगलीच म्हातारी झाली होती आणि ताईकडेच राहत होती. डायरी देताना ती काय म्हणाली, ते मास्तर पुष्कळदा तिची नक्कल करून सांगायचा.

"घ्या, करा काय करायचं ते. पण लोकांना दाखवायच्या आधी मला दाखवायचं. मी नाही म्हटलं तर नाही. मग पाया पडलात तरी नाही."

डायरीतल्या नोंदी बेताच्याच होत्या. 'आज दिवा लावू दिला नाही.' 'भाऊ खोकतो.' 'शेजारणीने मेणबत्ती उसनी मागितली आणि आमच्याच मेणबत्तीच्या उजेडात परत केली.' ताई असल्या ओळी गायची तेव्हा तळघर दिसायला लागायचे. पण मधे एके ठिकाणी आठवडाभराची पाने कोरी होती. आणि त्या कोऱ्या पानांनंतरची नोंद होती, 'आई गेली. पाणी आता मी भरते.'

मास्तराने ते पान माझ्यावर उघडे ठेवले.

"ताई, सगळं इथं आहे," तो म्हणाला. "या कोऱ्या पानांत. आजी गेली आणि आत्याला आठवडाभर पेन उचलवलं नाही. हे आपण गायचं."

त्यांची आजी, म्हणजे आत्याची आई. या दोघांनी तिला फोटोतसुद्धा पाहिले नव्हते. ताईचे डोळे भरून आले. "आत्याला विचारू या का एकदा, नक्की काय झालं ते?"

"नको गं. या वयात कशाला तिची खपली काढायची?"

"तेही खरंच," ताई म्हणाली.

मलाही ते अगदी पटले. मग ही दोघे इतिहासाच्या प्राध्यापकाला भेटली. संग्रहालयात जाऊन हल्ल्याचा इशारा देणाऱ्या जुन्या भोंग्यांचे आवाज ऐकून आली. त्या काळची वर्तमानपत्रे चाळली. आत्या तेव्हा ताईच्याच स्वयंपाकघरात बसून शेंगा सोलत होती. तिला कुणी काही विचारले नाही. तिला जपायचे होते ना!

मास्तराने त्या कोऱ्या पानांसाठी विलाप रचला. मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! आवाज वाढवणाऱ्या माझ्या सगळ्या खुंट्या ओढलेल्या, भाता तुडुंब भरलेला, आणि ताईचा आवाज खालून निघून चढत चढत अशा ठिकाणी जायचा की ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा. तिथे तो कणभरही न हलता उभा राहायचा. व्हायोलिन वाजवणारी पहिल्याच तालमीत वाद्य खाली ठेवून डोळे पुसायला लागली. माझ्या पाठीच्या फळ्या थरथरायच्या आणि मला वाटायचे, मी याचसाठी जन्मले. आवाज गेला म्हणणाऱ्यांची तोंडे या एका गाण्याने बंद होणार, यात कुणालाच शंका नव्हती. ताई तर तालमीला येताना आता शाळेचा जिना धावत चढायची.

प्रयोग जवळ आला तेव्हा मला गोदामाच्या सभागृहात नेले आणि एका दुपारी आत्या पाहायला आली. रिकाम्या खुर्च्यांमधली पहिल्या रांगेतली एक तिने निवडली. अंगातला कोट काढला नाही, मांडीवरची पिशवीही खाली ठेवली नाही. आम्ही सुरुवात केली. मेणबत्तीच्या ओळीला ती गालात हसली. भावाच्या खोकल्याला तिने मान डोलावली. मग विलाप सुरू झाला. मी जीव ओतला. ताईने तर त्या दिवशी कमालच केली. शेवटचा सूर विरला आणि आम्ही कौतुकाची वाट बघत थांबलो.

आत्याने चष्मा काढून डबीत ठेवला. "हे काय होतं?"

"आजी जाते तो भाग, आत्या," ताई म्हणाली.

"कधी जाते?"

"त्या... कोऱ्या पानांच्या दिवसांत."

"असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मास्तर माझ्या पट्ट्यांवरची नसलेली धूळ पुसायला लागला.

"आई सकाळी गेली आणि संध्याकाळी मी ते लिहिलं," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जात होता. "त्याच दिवशी. त्याच्या आधीचा आठवडाभर आई होती. हिंडत होती, हसत होती. सबंध युद्धात तिला तेवढेच दिवस बरे मिळाले. आणि तुम्ही तिला आठवडाभर आधीच मारलंत."

"पण मग ती पानं कोरी का गं?" मास्तराने चाचरत विचारले.

"लिहायला वेळ कुणाला होता?" आत्या उठली. "हा प्रयोग होणार नाही."

ताई तिच्यामागे धावली. दारात आत्या थांबली आणि वळून म्हणाली, "परक्या प्राध्यापकाकडे जाऊन आलात. मी घरात होते. मला का नाही विचारलंत? मी काय मेले होते?"

खरे सांगते, मला आत्याचा भयंकर राग आला. मास्तरालाही आला. तो येरझाऱ्या घालत होता. "एवढं सुंदर गाणं! विलाप काढला तर उरतं काय? मेणबत्ती आणि खोकला?" तो म्हणाला. "आणि कुणाला कळणार आहे ताई, आजी सोमवारी गेली की शनिवारी?"

"आत्याला कळेल," ताई म्हणाली. ती रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसली होती. तिचे काय जात होते ते मला दिसत होते. त्या एका गाण्यावर तिने पुन्हा उभे राहायचे ठरवले होते. मग ती एवढेच म्हणाली, "मास्तर, आपण तिला जपलं नाही रे. आपण तिला टाळलं."

दुसऱ्या दिवशी ती आत्याला पुन्हा घेऊन आली. कशी आणली कोण जाणे. आत्या कोट घालूनच बसली होती. ताई तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"आत्या, चुकलं आमचं. प्रयोग नाही झाला तरी चालेल. पण त्या दिवसांत काय झालं ते सांग. मला आजी बघायचीय."

"काही झालं नाही," आत्या म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "केस धुतले."

आणि मग जी ती बोलायला लागली, ती थांबेचना. नदीवरचा पूल पडला होता, त्यामुळे लढाई पलीकडच्या काठाला अडकली. आठवडाभर भोंगा वाजला नाही. आई म्हणाली, चला वर, आधी सगळ्यांचे केस धुवायचे. अंगणातला पंप चालू होता, ऊन होते, आणि अख्ख्या तळघरात मिळून साबणाची एक वडी होती. महिन्यांची काजळी, उवा, धूळ. एकीने दुसरीचे डोके धुवायचे, दुसरीने तिसरीचे. साबण हातातून निसटून अंगणभर पळायचा, त्याच्या मागे सगळ्या. आणि आई गायची. जन्मात कधी न ऐकलेले गाणे, तिनेच तिथल्या तिथे केलेले.

'साबण पळाला, साबण पळाला, धरा गं धरा, कोपऱ्यात गेला.'

"पण इतकी बेसूर गायची," आत्या म्हणाली आणि तिला हसू आवरेना. "इतकी बेसूर, की अंगणातलं कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन बसायचं. ते बघून आई आणखी जोरात गायची. रोज काहीतरी धुवायला काढायची. गोधड्या, पडदे, आमचे पाय. मी सबंध युद्धात लिहीत होते कारण दुसरं करायला काही नव्हतं. त्या आठवड्यात होतं."

मास्तर माझ्यासमोर येऊन बसला. "आत्या, गाऊन दाखव ना. ती गायची तसं."

आत्याने गायले. आवाज सुतासारखा बारीक होता. मास्तर तो सूर माझ्यावर शोधायला लागला. एक पट्टी दाबली, तो वर गेला. शेजारची दाबली, तो खाली राहिला. आजीचा सूर माझ्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी होता, आणि तिथे माझ्याजवळ ना लाकूड, ना पितळ. इतक्या वर्षांत एखादा सूर माझ्यात नाही असे प्रथमच घडले. मी जरा वरमलेच.

"हे गाणार असशील तर कर प्रयोग," आत्या ताईला म्हणाली. "विलाप काढ, हे घाल. पण ती गायची तसंच गायला हवं."

ताई म्हणाली, "आत्या, मी एवढ्या दिवसांनी लोकांसमोर येणार आणि ऐन मधल्या गाण्यात बेसूर गाणार. लोक म्हणतील, बघा, गेला हिचा आवाज."

"म्हणतील," आत्या म्हणाली. तिने ताईचा हात हातात घेतला. "मग नको गाऊस. मी जबरदस्ती नाही करणार तुझ्यावर. तुझा आवाज तुझा आहे. पण सुरात गायलीस, तर ती दुसरीच कुणी बाई होईल गं. माझी आई नाही होणार."

मास्तराने लगेच तोड काढली. "असं करू. आजी बेसूर गाते, मग मुलगी तेच सुरात गाऊन तिला दाखवते. म्हणजे लोकांना कळेल की ताई मुद्दाम..."

"आम्ही कुणी तिला दुरुस्त केलं नाही," आत्या म्हणाली. "कशाला करायचं? ती गात होती ना!"

ताई उठली. "बेसूरच गाते," ती म्हणाली. "मास्तर, सूर दे."

मित्रांनो, सुरात गाणे कठीण असते हे तुम्हाला शाळेत सांगतात. सुरात गाणाऱ्या माणसाने बेसूर गाणे त्याहून कितीतरी कठीण असते, हे मी त्या तालमींत पाहिले. ताईचा गळा सवयीने आपोआप सुरावर जाऊन बसायचा. "पुन्हा सुरात आलीस!" आत्या ओरडायची. "शरम नाही वाटत?" मग ताईने मुद्दाम चुकवून पाहिले, तर ते नाटकी वाटायला लागले. मास्तर हसून हसून माझ्यावर आडवा व्हायचा आणि त्याच्या कोपराखाली माझ्या सगळ्या पट्ट्या एकदम किंचाळायच्या.

"अगं, आई सुराकडे बघायचीच नाही," शेवटी आत्या म्हणाली. "तिचं सगळं लक्ष साबणाकडे."

तेव्हा बादली आली, पाणी आले, साबणाची खरी वडी आली. ताई ओल्या हातांनी साबण पकडत गायला लागली. साबण निसटला, ती त्याच्या मागे धावली आणि तिच्या गळ्यातला सूर सुटला. सहज सुटला. आत्या खुर्चीवरून अर्धी उठली आणि पुन्हा बसली.

मला मात्र माझे काम समजायला वेळ लागला. साथ म्हणजे गाणाऱ्याच्या मागे मागे जायचे, असे मी समजत आले होते. इथे ताई सुरावरून घसरणार आणि मी आपल्या जागी ठाम राहायचे, साधा एकच सूर धरून. एकदा मास्तराला राहवले नाही. ताईचे घसरणे झाकायला त्याने माझ्या आणखी दोन खुंट्या ओढून मला मोठ्याने वाजवायला लावले. आत्याने पुढे येऊन दोन्ही खुंट्या परत आत ढकलल्या. "आईला बोलू दे," ती म्हणाली. माझी मोठ्याने वाजण्याची हौस त्या दिवसापासून जरा कमी झाली.

प्रयोगाच्या दिवशी गोदाम भरले. ताईला ऐकायला आलेले होते, तसे ताईचे काय उरले ते बघायला आलेलेही होते. दुसऱ्या रांगेत वर्तमानपत्रात संगीतावर लिहिणारे एक गृहस्थ मांडीवर कागद घेऊन बसले होते. पहिल्या रांगेत आत्या होती. आज कोट काढून, घडी करून, खुर्चीच्या पाठीवर.

तळघर झाले, मेणबत्ती झाली, भावाचा खोकला झाला. ताईचा आवाज स्वच्छ लागला होता. मग बादली पुढे आली, मी माझा साधा सूर धरला आणि ताई गायला लागली. 'साबण पळाला, साबण पळाला...'

पहिल्याच ओळीला सभागृहात चुळबुळ झाली. मागे कुणीतरी कुजबुजले, "अरेरे." दुसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी मान हलवून कागदावर काहीतरी लिहिले. मास्तराचा हात माझ्या खुंटीकडे गेला आणि परत आला. आता ताई घाबरली आणि सुरात आली तर सगळे संपले, हे मला कळत होते. मला हात असते तर मी तिचा हात धरला असता. मला सूर होता, तोच मी धरून ठेवला. आणि ताईने साबण पकडायला झेप घेतली, साबण निसटला, आणि ती आणखी जोरात, आणखी बेसूर गायली.

तेव्हा आत्या हसली. तोंडावर हात वगैरे न घेता, शाळकरी मुलगी हसते तशी खदखदून. क्षणभर सगळे तिच्याकडे बघत राहिले. मग तिच्या शेजारची बाई हसली, मग मागची रांग, मग सगळे गोदाम. रंगमंचावर एक बाई ऊन खात आपल्या मुलांचे केस धुवत होती, तिला गाता येत नव्हते आणि ती गात होती, आणि ते सगळ्यांना कळले. साबण पळाला की लोक पुढे वाकायचे. एक लहान मुलगी तर "तिकडे गेला, तिकडे!" असे ओरडलीसुद्धा. ताई हसत हसत दमून बादलीच्या काठावर बसली.

मग मास्तराने हात उचलला. मी थांबले, व्हायोलिन थांबले. ताईने ओले हात पुसले आणि साथीशिवाय, अगदी सुरात, हळूच गायली, "आई गेली. पाणी आता मी भरते."

माझ्या भात्यात अजून वारा होता. तो मी निसटू दिला नाही. लोक हसता हसता जिथल्या तिथे थांबले होते. ज्या बाईबरोबर ते आत्ता इतके हसले, ती नाही, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होते. विलाप ऐकून लोक रडले असते, पण ताईच्या आवाजासाठी. आज त्यांना आजीची आठवण येत होती. जिला त्यांनी कधी पाहिले नव्हते, तिची. मी इतकी वर्षे वाजते आहे, पण मी गप्प असताना एवढे कधी ऐकले नव्हते.

प्रयोग संपल्यावर खूप टाळ्या झाल्या, त्याचे वर्णन मी करत नाही, कारण त्यातल्या थोड्या माझ्याही होत्या. ते वर्तमानपत्राचे गृहस्थ ताईला भेटायला आले. सगळे छान झाले म्हणाले, आवाज तर पूर्वीसारखाच आहे म्हणाले, "फक्त त्या साबणाच्या गाण्यात जरा घसरलात, नाही?"

"हो," ताई म्हणाली. "माझी आजी घसरायची." आणि ती अशी मोकळी हसली की त्या गृहस्थांनाही हसावे लागले. कोण काय लिहील याची तिला त्या क्षणी काडीइतकी पर्वा नव्हती, हे मी जवळून पाहिले.

आत्या सगळ्यांच्या शेवटी आली. तिने ताईचे तोंड दोन्ही हातांत धरले. मग ती मास्तराकडे वळून म्हणाली, "उद्या पुन्हा आहे ना प्रयोग? मी येणार. आईला बघायला."

तेव्हापासून आम्ही तो प्रयोग पुष्कळदा केला. मी आता गोदामातच राहते. माझे चामडे वेळच्या वेळी बदलतात आणि माझ्यावर कुणी कुंडी ठेवत नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात किंवा शेजारी कुणीतरी जुने माणूस असेल. त्याला त्रास नको म्हणून तुम्ही पावले न वाजवता त्याच्या खोलीवरून जात असाल. आज आत जा. त्याच्याजवळ बसा आणि विचारा. त्याने सोसलेले विचाराल तेव्हा विचाराल, आधी विचारा की तुम्ही सगळ्यात जास्त कधी हसलात. आणि सांगता सांगता ते गायला लागले, सूर कुठल्या कुठे गेला, तरी त्याला थांबवू नका. तुम्ही आपला सूर धरून शेजारी बसा.